प्रोग्रामर निवडताना कोड किती तोलायचा, माणूस किती

मुलाखती संपतात, चौघं टेबलाभोवती बसतात आणि गाडी नेमकी इथे अडते. एका उमेदवाराचा कोड स्वच्छ, पण बोलणं तुटक. दुसऱ्याशी बोलून सगळ्यांना बरं वाटलं, पण साधा बग शोधायला त्याला ४० मिनिटं लागली. एक जण म्हणतो, "कोड शिकवता येतो, स्वभावाला औषध नाही." दुसरा म्हणतो, "गोड बोलण्याने सर्व्हर चालत नाही." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, म्हणून वाद मिटत नाही आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा उमेदवार घेतला जातो.

तांत्रिक बाजूला निदान कोडचा पुरावा असतो. 'स्वभाव' म्हणताना मात्र एकाच्या मनात नम्रपणा असतो, दुसऱ्याच्या मनात उत्साह आणि तिसऱ्याच्या मनात 'हा आपल्यासारखा वाटतो' ही भावना. तीन वेगळ्या गोष्टी एका पारड्यात टाकल्या की तोलणं होणारच नाही. म्हणून पुढची सगळी पद्धत एका अटीवर उभी आहे: 'स्वभाव' हा शब्द बाजूला ठेवायचा आणि कामात डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असं वागणं तेवढंच मोजायचं.

आधी सहा महिन्यांचं काम लिहा

जाहिरात लिहिण्याआधी एक कागद घ्या. हा माणूस पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय करणार, ते पाच-सहा ओळींत लिहा. उदाहरणार्थ: जुन्या पेमेंट मॉड्यूलमधले बग सोडवणं, आठवड्याला चार-पाच कोड रिव्ह्यू करणं (सहकाऱ्याचा कोड तपासून शेरे देणं), महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल (अवेळी बिघाड झाला तर सोडवण्याची पाळी), सपोर्ट टीमकडून आलेली अर्धवट तक्रार समजून घेऊन तिचं काम ठरवणं. प्रत्येक ओळीसमोर लिहा, हे वाईट झालं तर काय बिघडतं. ऑन-कॉलवर रात्री दोन वाजता माणूस अंदाजाने डेटाबेस बदलतो आणि कुणाला सांगत नाही, हा त्या ओळीतला खरा धोका. त्यातून निकष आपोआप निघतो: माहीत नसेल तर वेळेवर सांगणं. 'टीम प्लेअर हवा' यासारख्या वाक्यातून असा निकष कधीच निघत नाही.

मग निघालेल्या गोष्टींचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात तीन महिन्यांत शिकता येतील अशा गोष्टी: एखादं फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा), डिप्लॉय करण्याची म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याची तुमची पद्धत, तुमच्या क्षेत्रातल्या संज्ञा. दुसऱ्यात वर्ष-दोन वर्षं लागतील अशा: अनोळखी कोड वाचणं, बगचा माग काढणं, मोठं काम तुकड्यांत मोडणं, डेटाची रचना करणं. तिसरा ढीग नोकरीच्या जागी सहसा न बदलणाऱ्या गोष्टींचा: चूक लपवणं, दुसऱ्याला तुच्छ लेखणं, खापर कायम इतरांवर फोडणं.

पहिल्या ढिगावरून कुणाला नाकारू नका. बहुतेक कंपन्या उलटं करतात; अमुक फ्रेमवर्कचा तीन वर्षांचा अनुभव नाही म्हणून चांगला माणूस पहिल्याच चाळणीत गळतो आणि तिसऱ्या ढिगातली गोष्ट मुलाखतीत कुणी तपासतही नाही.

आठ निकष, चारच गुण

चार तांत्रिक आणि चार वागणुकीचे निकष पुरेत. आठाच्या पुढे गेलं की मुलाखत घेणारा शेवटी एकूण मत बनवतो आणि त्याच मताने सगळे रकाने भरतो. या दोषाला हेलो इफेक्ट म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेली गुणपत्रकं तपासून तो दाखवला होता: एका गुणात वर असलेला माणूस अधिकाऱ्याला सगळ्याच गुणांत वर दिसत होता.

तांत्रिक निकष बहुतेक टीमना हे चालतील: अनोळखी कोड वाचणं, बग शोधणं, साधी रचना करणं, टेस्ट लिहून आपलंच काम पडताळणं. वागणुकीचे: अडचण आणि अज्ञान वेळेवर सांगणं, रिव्ह्यू देणं आणि घेणं, धूसर मागणीवर नेमके प्रश्न विचारणं, अंगावर घेतलेलं काम तडीस नेणं.

गुण १ ते ४ ठेवा. पाचची पट्टी घेतली की संकोची माणूस सरळ ३ देतो. चारमध्ये मधली जागाच नाही. आणि प्रत्येक गुणासमोर वागणूक शब्दांत लिहा. 'रिव्ह्यू घेणं' या निकषाचं असं होईल:

१: शेरा वैयक्तिक घेतो, वाद टाळायला विषय बदलतो किंवा शेरा देणाऱ्याला कमी लेखतो.
२: सगळं मान्य करतो, पण का ते सांगू शकत नाही.
३: बरोबर शेरा स्वीकारून लगेच बदल करतो, न पटलेल्यावर कारण देतो.
४: वरचं सगळं करतो, शिवाय त्याच जातीची चूक कोडमध्ये आणखी कुठे आहे ते स्वतः शोधतो.

हे शब्दांत लिहायला दोन तास लागतात, पण मुलाखतीच्या तयारीतले सर्वांत उपयोगी दोन तास तेच.

कोणत्या पद्धतीने किती कळतं

नोकरीतल्या पुढच्या कामगिरीचा अंदाज कोणत्या चाचणीतून किती बांधता येतो, यावर बराच अभ्यास झाला आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आधीच्या संशोधनाची फेरतपासणी केली. ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे अचूक अंदाज, असं धरलं तर ठरावीक प्रश्नांची, गुणपट्टी असलेली मुलाखत सरासरी ०.४२ वर आली, कामाच्या ज्ञानाची परीक्षा ०.४० वर, प्रत्यक्ष कामाचा नमुना ०.३३ वर. सुचतील ते प्रश्न विचारून घेतलेली मोकळी मुलाखत ०.१९ वर आणि अनुभवाची वर्षं ०.०७ वर. हे आकडे सर्व प्रकारच्या नोकऱ्यांचे आहेत, फक्त प्रोग्रामरचे नाहीत. तरी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. कोणतीही एक चाचणी पुरेशी नाही. आणि बायोडेटातली वर्षं पाहून माणूस निवडणं जवळपास डोळे मिटून निवडण्यासारखं आहे.

व्यक्तिमत्त्व चाचण्यांचं काय? पाच घटकांच्या प्रचलित चाचणीतल्या कर्तव्यदक्षतेचा आकडा त्याच अभ्यासात ०.१९ आहे. शिवाय उमेदवार स्वतःच उत्तरं भरतो, आणि 'मी कामं वेळेवर करतो' याला नोकरी हवी असताना कोण नाही म्हणेल? माणसांना सोळा साच्यांत बसवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी तर भरतीसाठी वापरू नका, असं ती प्रकाशित करणारेच सांगतात. या चाचण्यांवर खर्चायचा वेळ पुढच्या दोन पायऱ्यांना द्या.

पहिली मोठी पायरी: कामाचा नमुना, ९० मिनिटं

फोनवरच्या ३० मिनिटांत काम, पगार, वेळ आणि मूलभूत तांत्रिक गोष्टी जुळतात का एवढंच पाहा. नंतर थेट कामावर या.

साधारण ३०० ओळींचा, चालणारा छोटा प्रोग्राम तयार ठेवा. समजा, तो ऑर्डरवर सवलत मोजून बिल काढतो. त्यात तीन बग पेरा: पैशांचा हिशोब फ्लोटमध्ये (दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) केल्याने एखाद्या पैशाचा फरक पडतो, महिन्याच्या शेवटच्या दिवसाची ऑर्डर सवलतीतून सुटते, यादी रिकामी असेल तर प्रोग्राम कोसळतो. एक टेस्ट मुद्दाम फेल होणारी ठेवा. शेवटी एक नवी मागणी द्या: 'जुन्या ग्राहकांना पाच टक्के जास्त सवलत दाखवा.'

ही मागणी जाणूनबुजून अर्धवट आहे. जुना म्हणजे किती जुना? पहिल्या ऑर्डरपासून मोजायचं की खातं उघडल्यापासून? आधीच्या सवलतीवर पाच टक्के की तिच्याऐवजी? जो विचारतो तो एकाच वेळी तांत्रिक समज आणि वागणूक दोन्ही दाखवतो. जो स्वतःच काहीतरी गृहीत धरतो, पण ते गृहीतक कोडमध्ये किंवा बोलण्यात स्पष्ट नोंदवतो, त्यालाही चांगले गुण द्या. गृहीत धरून गप्प बसणाऱ्याला कमी.

वेळ अशी वाटा: १५ मिनिटं एकट्याने वाचन, ६० मिनिटं काम, १५ मिनिटं चर्चा. वाचताना आणि पहिला अर्धा तास काम करताना खोलीतून बाहेर जा, ऑनलाइन असेल तर कॅमेरा बंद करा. याला ठोस कारण आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांनी परीक्षकासमोर बोलत बोलत फळ्यावर प्रश्न सोडवला, तर काहींनी बंद खोलीत एकट्याने. समोर कुणी पाहतंय एवढ्यानेच कामगिरी निम्म्याहून खाली आली. समोर उभं राहून आपण कोड मोजतोय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात मोजली जाते ती भीती.

२० मिनिटांत एकही बग सापडला नाही तर एक इशारा द्या आणि तो नोंदवा. इशारा घेऊन माणूस पुढे किती सरकतो, हे बग सापडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. नोकरीत त्याला असे इशारे रोज मिळणार आहेत. इंटरनेट मोकळं ठेवा. एआय साधनं तुमच्या टीममध्ये रोज वापरली जात असतील तर इथेही वापरू द्या, पण शेवटच्या १५ मिनिटांत कोणतीही ओळ दाखवून "ही का?" असं विचारा. आपल्याच नावावरच्या कोडचं उत्तर देता न येणं ही मोठी खूण आहे.

घरी करायला दिलेली कामं दोन तासांच्या पुढे नेऊ नका. 'वाटेल तेवढा वेळ घ्या' म्हटलं की ज्याच्यावर घरची जबाबदारी नाही तो वीस तास देतो आणि तुम्ही मोकळ्या वेळेला गुण देऊन बसता.

दुसरी पायरी: रिव्ह्यू, दोन्ही बाजूंनी, ४५ मिनिटं

एकाच पायरीसाठी वेळ असेल तर ही करा. हुशारी आणि वागणूक इथे एकमेकींपासून लपू शकत नाहीत.

पहिल्या अर्ध्यात उमेदवाराला सुमारे १२० ओळींचा बदल द्या आणि एका काल्पनिक ज्युनिअर सहकाऱ्यासाठी शेरे लिहायला सांगा. त्यात सहा दोष असू द्यात: मजकूर जोडून तयार केलेली एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा; अशी जोडली की बाहेरच्याला त्यात घुसता येतं), लूपच्या आत दर फेरीला डेटाबेसकडे जाणं, एरर पकडून गिळून टाकणं, टाइमझोनशिवाय वेळ साठवणं, अर्थहीन नावं आणि टेस्टचा अभाव. किती सापडले ते मोजाच, पण क्रमही पाहा. सुरक्षेचं भगदाड सोडून नावांवर पाच शेरे लिहिणारा माणूस प्रत्यक्ष कामातही टीमचा वेळ तिथेच घालवेल. मग शेऱ्यांची भाषा वाचा. 'हे चूक आहे' आणि 'इथे बाहेरून आलेला मजकूर थेट क्वेरीत जातोय, पॅरामीटर वापरू या' यांतला फरक ज्युनिअरला रोज भोगावा लागतो.

दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही त्याच्या आधीच्या कोडवर दोन शेरे द्या, एक निर्विवाद बरोबर आणि एक खरोखर दोन मतं असू शकतील असा. मुद्दाम चुकीचा शेरा देऊन सापळा लावू नका. नोकरीची गरज असलेला माणूस चुकीच्या शेऱ्यालाही मान डोलावतो, त्यातून काही कळत नाही, आणि नंतर कळल्यावर तुमच्यावरचा विश्वास मात्र जातो.

तिसरी पायरी: ठरावीक प्रश्न, ४५ मिनिटं

सगळ्यांना तेच चार प्रश्न, त्याच क्रमाने:

तुमच्यामुळे प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीत) काही बिघडलं असा शेवटचा प्रसंग सांगा. कधी कळलं, पहिल्या तासात कुणाला काय सांगितलं, नंतर काय बदललं?
तुम्हाला न पटलेला तांत्रिक निर्णय टीमने घेतला, तेव्हा काय केलंत?
डेडलाइन पाळता येणार नाही हे तुम्हाला किती दिवस आधी कळलं आणि किती दिवस आधी तुम्ही सांगितलंत?
तुमचं मत दुसऱ्याच्या मुद्द्यामुळे बदललं, असा प्रसंग कोणता?

उत्तर गुळगुळीत आलं तर खाली उतरा: "आम्ही ठरवलं" म्हणजे त्यात तुम्ही काय केलंत? तारीख साधारण कोणती? निरोप ईमेलने दिला की बोलून? खऱ्या प्रसंगाला तपशील असतो, पाठ केलेल्याला नसतो. पहिल्या प्रश्नाला "असं कधी झालंच नाही" असं पाच वर्षं काम केलेला माणूस म्हणत असेल, तर एकदा पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारा. तरीही तेच उत्तर आलं तर १ द्या. अगदी नवख्याला मात्र कॉलेजच्या प्रोजेक्टमधला प्रसंग विचारावा.

लग्न, मुलं, धर्म, आजारपण यांबद्दल काहीही विचारू नका. कामाशी संबंध नाही, आणि अनेक देशांत असे प्रश्न कायद्याने अडचणीत आणतात.

वजन कसं टाकायचं

प्रत्येकाने चर्चेआधी, त्याच दिवशी, एकट्याने गुण आणि एका ओळीचा पुरावा लिहावा. चर्चेत सर्वांत ज्युनिअर माणूस आधी बोलेल, व्यवस्थापक सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला की बाकीचे आपले आकडे साहेबांच्या आकड्यांकडे सरकवतात.

आता दोन उमेदवार घ्या. पहिल्याला तांत्रिक ४, ४, ३, ४ आणि वागणुकीत २, २, ३, २. दुसऱ्याला तांत्रिक २, ३, २, २ आणि वागणुकीत ४, ४, ३, ४. दोघांची बेरीज २४. बेरजेवर निर्णय सोडला तर नाणं उडवावं लागेल, म्हणून आधी किमान मर्यादा लावायच्या आणि मगच तुलना करायची.

मर्यादा अशा ठेवा. 'अडचण सांगणं' आणि 'रिव्ह्यू' यांपैकी एकातही १ असेल तर थांबा, कोड कितीही देखणा असो. 'कोड वाचणं' आणि 'बग शोधणं' यांत नवख्याला किमान २, अनुभवी माणसाला किमान ३. वरचे दोघं या चाळणीतून जातात, जर दुसऱ्याची जागा नवख्याची असेल तरच. अनुभवी जागेसाठी तो 'कोड वाचणं' यातच अडकतो.

मग जागा पाहा. डेटाबेसचा वेग वाढवण्याचं खोल, बहुतांशी एकट्याने करायचं काम असेल तर पहिला. सपोर्टशी रोज बोलावं लागणारी, दोन सिनियर असलेली टीम ज्युनिअर शोधत असेल तर दुसरा. त्याच्या तांत्रिक २ ला शिकवणारी माणसं तिथे आहेत. शिकवणारं कुणीच नसेल, कंपनीतला तो पहिलाच प्रोग्रामर असेल, तर दुसऱ्याला घेणं त्याच्यावरही अन्याय आहे. टीम लीडच्या जागेला पहिला चालणार नाही, कारण त्याच्या वागणुकीतल्या २ चा गुणाकार हाताखालच्या प्रत्येक माणसाने होतो.

हुशार पण तुसड्या माणसाचं नुकसान कसं होतं हे नीट समजून घ्यावं, कारण ते कोडमध्ये दिसत नाही. लोक त्याला प्रश्न विचारणं थांबवतात. रिव्ह्यूला त्याचं नाव टाकायला टाळतात, मग त्याला माहीत असलेली चूक प्रॉडक्शनपर्यंत जाते. महत्त्वाचं ज्ञान त्याच्या डोक्यात अडकून राहतं आणि त्याच्या रजेच्या दिवशी टीम ठप्प होते.

उलट बाजूचं नुकसान अधिक फसवं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मनमिळाऊ पण कच्च्या प्रोग्रामरला कुणी दुखवू इच्छित नाही. शेजारचे दोघं त्याचा कोड गुपचूप दुरुस्त करतात, कागदावर सगळं ठीक दिसतं आणि वर्षभराने ते दोघं दमून नोकरी सोडतात. तेव्हा 'माणूस चांगला आहे' एवढ्यावर तांत्रिक मर्यादा खाली आणू नका.

पारडं खोटं झुकवणाऱ्या गोष्टी

'आपल्या संस्कृतीत बसतो का' हा प्रश्न यादीतून काढून टाका. त्याचं उत्तर बहुतेक वेळा छंद, कॉलेज आणि विनोद जुळतात का यावर ठरतं. नजरेला नजर न भिडवणं, हळू बोलणं, थांबून विचार करणं यांना गुणपट्टीत जागाच नाही. ऑटिझम असलेले कितीतरी सक्षम प्रोग्रामर अशाच खुणांवरून नाकारले जातात. भाषेचा ओघ हाही असाच चकवा. दस्तऐवज लिहिणं कामाचा भाग असेल तर अर्ध्या पानाचं लेखन करून घ्या, बोलण्यावरून अंदाज बांधू नका. आणि कोडी घालू नका. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगितलं होतं की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

निवडल्यानंतर

रेफरन्ससाठी उमेदवाराच्या परवानगीने दोघांना २० मिनिटांचा फोन करा. 'कसा आहे' विचारलं की 'छान आहे' हेच उत्तर मिळतं. विचारा: त्यांना कोणत्या कामात मदत लागायची? कोणत्या कामासाठी तुम्ही त्यांना पुन्हा घ्याल, आणि कोणत्यासाठी नाही? तुमच्या गुणपत्रकातला सर्वांत कमी गुण समोर ठेवून त्याच मुद्द्यावर एक नेमका प्रश्न राखून ठेवा.

रुजू झाल्यावर तोच कमी गुण पहिल्या ९० दिवसांच्या आराखड्यात घाला. रिव्ह्यूत २ असेल तर पहिले दहा रिव्ह्यू एका सिनियरसोबत बसून; बग शोधण्यात २ असेल तर पहिले तीन आठवडे रोज एक छोटा बग, उत्तर न देता सोबत बसून. दर ३० दिवसांनी त्याच शब्दांतल्या पट्टीवर पुन्हा गुण द्या आणि त्याला दाखवा.

सहा महिन्यांनी मुलाखतीतलं गुणपत्रक बाहेर काढून आजच्या गुणांशेजारी ठेवा. पाच-सहा भरतींवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, पण ज्या निकषावर अंदाज दोनदा उलटा पडला त्याचा प्रश्न किंवा पेरलेला बग बदला. नाकारलेल्यांचं पुढे काय झालं हे या तपासणीत दिसत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत कोणत्या मर्यादेमुळे 'नाही' म्हटलं ते लिहून ठेवा. एकाच मर्यादेवर सलग बरेच जण गळत असतील तर ती मर्यादा खरोखर त्या सहा महिन्यांच्या कामातून आली आहे का, ते पहिल्या कागदावर जाऊन पाहा.